आणखी एक ओवी



कीर्तन सोडून मला आता सहा वर्षे झाली. पाय चालतात, पण चाल वर नेली की आवाज फाटतो, आणि फाटक्या आवाजात देवाला आळवावे, लोकांना कशाला शिक्षा? तेव्हा सकाळी मंदिराच्या ओट्यावर ज्ञानेश्वरी घेऊन बसायचे आणि येईल त्याच्याशी चार शब्द बोलायचे, एवढेच काम उरले आहे. येणाऱ्यांत एक निवृत्त मास्तर आहेत, ख्रिस्ती. आमच्या नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशन १८३१ साली आले, त्यामुळे गावोगाव अशी घराणी आहेत. एकादशीला ते माझ्याकडे भगर-आमटी खातात, नाताळात त्यांच्याकडची करंजी माझ्याकडे येते.

गेल्या चातुर्मासात पारायण संपवून मी नाथबाबांनी शेवटी जोडलेल्या ओव्या वाचत होतो. वारकऱ्यांना सांगायला नको, शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी यात आपली ओवी घुसडू नये म्हणून कडक ताकीद देऊन ठेवली. अमृताच्या ताटात नरोटी, हा दृष्टांत आपल्या पोराठोरांना ठाऊक आहे. मास्तर ऐकत होते. म्हणाले, "महाराज, हे तर अगदी आमच्यासारखं झालं." दुसऱ्या दिवशी त्यांनी आपले पवित्र शास्त्र आणले आणि शेवटचे पान उघडून दाखवले. प्रकटीकरण, अध्याय २२, वचने १८ आणि १९. यात जो भर घालील त्याच्यावर पीडा येतील, जो वगळील त्याचा जीवनाच्या झाडातला वाटा जाईल, असा आशय.

मी सहज विचारले, "मास्तर, उद्या देवाने एखाद्याला खरोखरच प्रेरणा दिली, आणि त्याने लिहिलं, तर तुम्ही ते या पुस्तकात बांधाल का?"

"नाही," ते लगेच म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण का नाही, ते सांगायला मला जरा वेळ द्या."

तो वेळ सगळा चातुर्मास पुरला. एवढा कशासाठी हा विषय मी धरून बसलो, त्याला माझे एक खासगी कारण आहे. ते पुढे सांगतो.

आम्हाला गुरुजींनी वचनाचा अर्थ लावताना प्रकरण पाहायला शिकवले. वाक्य कुठे आले, कशाविषयी आले, ते आधी बघ. त्या रीतीने पाहिले तर योहानाची ती ताकीद 'या पुस्तका'विषयी आहे, म्हणजे त्याच्या एकट्याच्या प्रकटीकरणाविषयी. सगळी पुस्तके एकत्र बांधली गेली ती नंतर. शिवाय तसलीच आज्ञा मोशेच्या तोंडी अनुवाद या पुस्तकात चौथ्या अध्यायात आहे. तिलाच कुलूप मानले असते तर पुढचे यशया, यिर्मया हे संदेष्टे बाहेरच राहिले असते, आणि नव्या कराराचे तर नावच नको. मास्तर हसले. "आमचे पाळकही हेच म्हणतात. कुलूप त्या वचनात नाही."

मग कुलूप कुठे आहे आणि लावले कोणी? माझी कल्पना अशी की आपल्या नाथांसारखा कोणी एक अधिकारी पुरुष बसला असेल आणि प्रती ताडून पाहिल्या असतील. तसे झालेले नाही. आज नव्या करारात जी २७ पुस्तके आहेत, नेमकी तीच यादी आपल्याला प्रथम भेटते ती अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांच्या ३६७ सालच्या पत्रात. येशूनंतर तीनशेहून अधिक वर्षांनी! तोवर इब्री लोकांस पत्र काहींना मान्य, काहींना नाही. प्रकटीकरणाचेही तेच. उलट हर्मासचा 'मेंढपाळ' नावाचा ग्रंथ कित्येक मंडळ्या भक्तीने वाचत, आणि चौथ्या शतकातल्या एका प्रसिद्ध जुन्या हस्तलिखितात तो नव्या कराराच्या मागोमाग लिहिलेला सापडतो. आजही सगळ्यांचा ग्रंथ एक नाही. मास्तरांच्या प्रॉटेस्टंट मंडळीत ६६ पुस्तके, कॅथलिकांत ७३, इथियोपियाच्या जुन्या मंडळीत ८१. तिथे हनोखाचे पुस्तक आहे, जे बाकीच्यांनी घेतले नाही, पण यहूदाच्या पत्रात त्याचे वचन आहे. कॅथलिकांनी आपली यादी ठासून जाहीर केली ती १५४६ साली, ट्रेंटच्या परिषदेत. त्याच्या आधी १५२२ मध्ये लूथरने जर्मन भाषांतर काढले, तेव्हा चार पुस्तके त्याच्या मनाला पटेनात. ती त्याने शेवटी सरकवली. काढली मात्र नाहीत. मला हे फार आवडले. एवढा बंड करणारा मनुष्य, पण कात्री हातात घेऊन थबकला.

कात्री चालवणारे होते. दुसऱ्या शतकात मार्सियनने जुना करार सगळाच टाकला आणि लूकाचे शुभवर्तमान व पौलाची पत्रे तेवढी कापूनकुपून ठेवली. आणि त्याच शतकात फ्रिजिया प्रांतात माँटेनस उभा राहिला, त्याच्याबरोबर प्रिस्किला आणि मॅक्सिमिला या दोन बाया. पवित्र आत्मा आता आमच्या तोंडून बोलतो, असे त्यांचे म्हणणे. मंडळी घाबरली. गादी जाईल ही भीती त्यात असणारच, गादी कुठलीही असो. पण तेवढीच भीती नव्हती. रोज नवे वचन येऊ लागले तर कालचे वचन पाळायचे कोणी, हा खरा प्रश्न होता.

ज्यांनी दार उघडे ठेवले असेही आहेत. अमेरिकेत १८३० साली जोसेफ स्मिथ यांनी मॉर्मनचे पुस्तक काढले. त्या पंथात आजही भर पडू शकते. १९७६ साली दोन दर्शने ग्रंथात घेतली, १९७८ साली आणखी एक घोषणा. मास्तरांच्या मंडळीला हे मान्य नाही. मला मात्र त्यात एक सचोटी दिसली. देव बोलतो म्हणता ना, मग कोरी पाने ठेवा! पण नीट पाहिले तर दार उघडे ठेवले की दारात कोणीतरी बसवावा लागतो. आत काय घ्यायचे ते तिथे वरिष्ठ पुढारी ठरवतात आणि सभा हात वर करते. म्हणजे कुलूप पुस्तकाचे निघाले आणि माणसाच्या कमरेला लागले.

मास्तर आपले उत्तर घेऊन आले ते कोजागिरीच्या सुमारास. म्हणाले, "महाराज, इब्री लोकांस पत्राची सुरुवात बघा. देव पूर्वी नाना प्रकारे बोलला, शेवटी पुत्राच्या द्वारे बोलला. आमच्याकडे देवाचं वचन म्हणजे आधी तो पुत्र, मग पुस्तक. पुस्तक ही त्याला पाहिलेल्यांची आणि त्यांच्या जवळच्यांची साक्ष आहे. आज कुणी कितीही मोठा भक्त झाला तरी साक्षीदार होऊ शकत नाही. साक्षीदार मागाहून जन्मत नाही."

उत्तर पक्के वाटले. तरी सवयीने मी शंका काढली. "पौल कलस्सैकरांना लिहितो, लावदिकियाकडचं पत्रही वाचा. करिंथकरांना लिहितो, मी मागच्या पत्रात सांगितलंच आहे. ही दोन्ही पत्रं तुमच्याकडे नाहीत. उद्या वाळवंटात एखाद्या रांजणात सापडली, पौलाचीच ठरली, तर?"

मास्तर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "वाचीन. रडतरडत वाचीन. पण बांधू म्हणणार नाही. एकोणीसशे वर्षं लोक ज्याच्यावर जगले आणि मेले, त्यात ते पत्र नव्हतं."

आणि मग त्यांनी सांगितलेली गोष्ट मला लागली. लावदिकियाचे पत्र हरवले, ही खंत जुन्या ख्रिस्ती लोकांनाही होती. तेव्हा कोणीतरी पौलाचीच वाक्ये इकडून तिकडून जोडून एक लहानसे पत्र तयार केले, वर पौलाचे नाव घातले, आणि लॅटिन हस्तलिखितांतून ते शेकडो वर्षे नकलले जात राहिले. त्यात वाईट काहीच नाही. सगळे चांगलेच आहे. फक्त ते पौलाचे नाही.

वाचकहो, आता माझे कारण.

साधारण १९८४ साल. एका गावी सप्ताहात माझे कीर्तन. शेवटच्या चरणाला आलो आणि चरण डोक्यातून गेला. मृदंग चालू, टाळकरी मागे उभे. त्या क्षणी दोन ओळी तोंडात आल्या. मी जुळवल्या असे म्हणवत नाही, आल्या. आणि पुढे मी 'तुका म्हणे' लावले. कोणाला कळले नाही. कीर्तन झाल्यावर एक म्हातारी पाया पडली. तिचा मुलगा त्या वर्षी गेला होता. म्हणाली, महाराज, शेवटचा चरण माझ्यासाठीच होता.

तिथे थांबलो असतो तर विसर म्हणून सुटलो असतो. पुढच्या वर्षी तोच चरण मी मुद्दाम घेतला. मग वरचे तीन चरणही रचले. एक अख्खा अभंग तुकोबांच्या नावावर तयार झाला. सहा-सात ठिकाणी म्हटला, नंतर एकदा एका जाणत्या टाळकऱ्याने विचारले, "हा कोणत्या गाथ्यात आहे?" तेव्हा भिऊन सोडला. २०१९ साली शेजारच्या तालुक्यात एक भजनी मंडळ तो म्हणत होते. वर्गणी काढून छापलेल्या त्यांच्या पुस्तिकेतही तो होता. ते चरण मी इथे लिहीत नाही. लिहिले तर आणखी एका छापील कागदावर चढतील.

आपल्या कीर्तनाचा दंडक आहे. निवृत्तिनाथांपासून निळोबारायांपर्यंत जी संतमालिका, तिच्यातलाच अभंग निरूपणाला घ्यावा. निळोबारायांनंतर देव मुका झाला असे कोणी म्हणत नाही. पण प्रमाण म्हणून उभे राहायचे ते त्या मालिकेतले. याच नियमावर मी आयुष्यभर भाकरी खाल्ली आणि याच नियमाला चोरवाट केली.

मी मास्तरांना हे सांगून टाकले. ते रागावले नाहीत. ते नारायण वामन टिळकांचे बोलू लागले. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. मराठी मंडळ्यांत त्यांची भजने दर रविवारी गातात. त्यांच्या आधी गोव्यात, १६१६ साली, इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण छापले, आपल्या मराठीत. मी विचारले, "टिळकांना प्रेरणा होती?" "होती की!" "मग पुस्तकात का नाहीत?" तर मास्तर म्हणाले, "धान्य कितीही येऊ द्या महाराज, पायलीत भर घालून पायली वाढवत नाहीत. टिळकांनी आपल्या नावानं लिहिलं. स्टीफन्सनी पुराण म्हणून लिहिलं, शुभवर्तमान म्हणून नाही. म्हणून ते आम्हाला निर्धास्त गाता येतात."

मी म्हटले, "म्हणजे माझे चरण खोटे नव्हते, सही खोटी होती."

"ते तुम्ही ठरवा. पेत्राचं दुसरं पत्र पेत्राचं नसावं, असं कित्येक अभ्यासक म्हणतात, आणि ते आमच्या पुस्तकात आहे." एवढे बोलून ते जरा ओशाळले. हा प्रश्न त्यांचाही सुटलेला नव्हता. मग त्यांनी योहानाच्या आठव्या अध्यायातली ती बाई काढली, दगडाने मारायला आणलेली. कीर्तनात मीही ती गोष्ट सांगितली आहे. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती नाही. कित्येक आवृत्त्यांत ती कंसात छापतात, खाली टीप देतात. "काढायची कुणाची छाती नाही," मास्तर म्हणाले, "आणि मूळची आहे म्हणायचीही नाही. म्हणून कंस."

कार्तिकी झाल्यावर मी त्या भजनी मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. सगळे सांगितले. पुढच्या छपाईत अभंग काढा, नाही तर निदान कंसात घाला आणि खाली लिहा की हा गाथ्यातला नाही. भला माणूस. चहा पाजला. म्हणाला, "महाराज, म्हातारपणी तुम्ही काहीतरी मनात घेतलंय. आमचे वडील हा अभंग म्हणायचे. तुकोबांचाच आहे तो." मी पुन्हा समजावले. तो विचारात पडला. मग त्याने विचारले, "छापताना कंस घालू हो. पण भजनात कंस गायचा कसा?"

मास्तरांना हे येऊन सांगितले. ते खूप हसले, आणि मग एकदम हसायचे थांबले. पुस्तिकेच्या छपाईला अजून अवकाश आहे. माघ वारीच्या आत मी पुन्हा एकदा जाणार आहे.