वालाला मोड येईपर्यंत

तीन वर्षांच्या मुलाला ‘उद्या’ म्हणजे काय, हे समजावून सांगणे मोठे कठीण. पाणी दाखवता येते, पोळी दाखवता येते. ‘उद्या’ कुठून दाखवणार? आमच्या नातवाच्या लेखी जे जे झाले ते सगळे ‘काल’. चार महिन्यांपूर्वी आम्ही महडला वरदविनायकाच्या दर्शनाला गेलो तेही काल, आणि सकाळी त्याने दूध सांडले तेही कालच. ‘उद्या’ हा शब्द तर त्याला मुळीच पसंत नव्हता. मोठ्या माणसांना जी गोष्ट द्यायची नसते ती ते ‘उद्या’ देतात, हे त्याने पुरते ओळखले होते.

हा प्रश्न आमच्याकडे वालाने सोडवला. आमच्या रायगड जिल्ह्याचे कडवे वाल नावाजलेले आहेत. (जिल्ह्याचे नाव १९८१ साली बदलले, पण आमच्या सासूबाई शेवटपर्यंत ‘कुलाब्याचे वाल’च म्हणत.) या वालाचे बिरडे करायचे तर घाई चालत नाही. रात्री भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी उपसून फडक्यात घट्ट बांधून ठेवायचे आणि तिसऱ्या दिवशी मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. भिजत घालण्याचे काम मी नातवाला दिले. रात्री त्याने दोन मुठी वाल पातेल्यात टाकले आणि लगेच विचारले, “मोड कुठायत?” म्हटले, “उद्या बांधू, परवा येतील.” सकाळी उठल्याबरोबर पातेल्याशी. वाल फुगलेले पाहून, कोणी तरी रात्रीत बदलून ठेवले अशीच त्याला शंका आली! फडके बांधले ते त्याने दिवसभरात चार वेळा हुंगून पाहिले. तिसऱ्या दिवशी गाठ सोडली आणि पांढरे मोड पाहून हा गंभीरपणे म्हणाला, “आजी, आज उद्या आला.”

व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य चुकीचे असेल. मी काही ते सुधारले नाही.

मग सोलणे. दोन बोटांत वाल धरून हलकेच दाबला की डाळिंबी सुळकन बाहेर येते; तीन वर्षांच्या बोटांना याहून चांगला व्यायाम मला तरी माहीत नाही. पुढे पेन्सिल धरायची ती याच दोन बोटांनी आणि अंगठ्याने. निम्म्या डाळिंब्या जमिनीवर जातात, काही तोंडात जाऊ पाहतात (कच्च्या खाऊ द्यायच्या नाहीत, एवढे लक्ष ठेवावे लागते), आणि जे काम मी एकटी पंधरा मिनिटांत केले असते त्याला पाऊण तास लागतो. तो पाऊण तास माझ्याजवळ आहे. निवृत्त माणसाची तेवढीच श्रीमंती.

मी नोकरीत असताना खालापूर तालुक्यात अंगणवाड्यांची मुख्यसेविका होते. दुसऱ्यांची मुले काय शिकतात ते पाहत वाड्यावाड्यांतून हिंडण्यात उमेद गेली. हे रेल्वेत होते. कर्जत स्टेशनची नोकरी, आणि घर उल्हास नदीपलीकडे दहिवलीला. आता घरात आम्ही दोघे, मुलगा, सूनबाई आणि हे साडेतीन वर्षांचे धाकटे साहेब. मुलाची कचेरी फोर्टात, सूनबाईची ठाण्याला. कर्जत ते मुंबई म्हणजे शंभर किलोमीटर. लोकलने दोन तासांच्या वरच. मुलगा अंधारात घराबाहेर पडतो आणि अंधारातच घरी येतो. एकदा शेजारणीने नातवाला विचारले, “बाबा काय करतात रे?” तो म्हणाला, “झोपतात.” आम्ही सगळे हसलो. सूनबाई हसली नाही.

त्याचे दिवसभराचे शिक्षण आम्हा दोघांकडे आले ते असे, कोणी न नेमता. ह्यांनी आकडे शिकवले ते आपल्या पद्धतीने. कर्जतहून खोपोलीकडे जी लाइन फुटते तिच्यावर पुढे स्टेशने पाचच : पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली. एका हाताची पाच बोटे. अंगठा म्हणजे पळसदरी, करंगळी म्हणजे खोपोली. मधले बोट दुमडले तर “डोलवलीला गाडी थांबली नाही!” अशी आरोळी होते. वजाबाकी म्हणतात ती हीच ना? पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाटासाठी कर्जतला मागून इंजिने जोडतात, तेही आजोबा त्याला पुलावरून दाखवतात. बोरघाटाची चढण सदतीस फुटांना एक फूट. १८६३ साली हा घाटरस्ता सुरू झाला, तेव्हापासून लांबलचक गाडी वर न्यायची म्हणजे यातायातच. नुकत्याच आलेल्या वंदे भारत गाड्यांना मात्र मागचे इंजिन लागत नाही, याचे ह्यांना उगाचच वाईट वाटते.

माझ्याकडे बाजार आणि स्वयंपाकघर. पावसाच्या तोंडाला ठाकरणी रानभाज्या घेऊन कर्जतच्या बाजारात बसतात. आधी शेवळे, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कर्टुली. भाजी वाट्यांवर मिळते, तराजू नसतो. नातू वाटे मोजतो आणि कोणता मोठा ते बोटाने दाखवतो. मावशीही मोठ्या मनाची. त्याने दाखवलेल्या वाट्यावर आणखी चार काड्या ठेवते. शेवळाबरोबर काकडाची फळे घ्यावीच लागतात, नाही तर घसा खाजतो. एका वस्तूला दुसरी का लागते, हा कार्यकारणभाव त्याला तिथे कळला. लावणीच्या दिवसांत शेजारच्या खाचरात रोपांच्या मुठी नेऊन देण्याचे काम त्याने मागून घेतले. बांधापासून चार पावलांवर तो बसला तो चिखलातच. पण मूठ सोडली नाही.

एवढे सगळे चालले असताना या वर्षी शाळेचा प्रश्न उभा राहिला. बदलापूरच्या एका इंग्रजी शाळेत, नाव कशाला सांगू, सूनबाईने चौकशी केली. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांच्या परीक्षा घेण्याला मनाई केली आहे. पण ‘नुसत्या गप्पा’ मारायला कोण मनाई करणार? तिथल्या बाईंनी गप्पा मारता मारता चित्रांचे पत्ते काढले. सफरचंद झाले, छत्री झाली. रंग त्याला इंग्रजीत येतात; मोबाइलवरच्या गाण्यांची कृपा. मग आगगाडीच्या इंजिनाचे चित्र आले आणि बाईंनी इंग्रजीत विचारले, “हे काय आहे?” नातवाने पत्ता हातात घेऊन बराच वेळ पाहिला, उलटा केला आणि मराठीत विचारले, “हे पुढचं की मागचं?” बाईंना प्रश्न कळला नाही. त्यांनी कागदावर काही तरी लिहिले. काय लिहिले ते आम्हाला दिसले नाही, पण सूनबाईचा चेहरा उतरलेला दिसला.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी म्हटले, “अगं, त्याचा प्रश्न त्यांच्या प्रश्नापेक्षा चांगला होता.”

“आई, होता ना,” ती म्हणाली. “पण जगात त्याला असलं कोणी विचारणार नाही. विचारतील ते तुमच्या वाटेने नाही, त्यांच्या वाटेने. त्याला ती वाटही यायला नको का?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. नोकरीत असते तर दिले असते. आमच्या प्रशिक्षणात ताराबाई मोडकांचे नाव पहिल्याच दिवशी निघे. भावनगरच्या गिजुभाई बधेका या वकिलाने १९२० साली बालमंदिर काढले. ताराबाई तिथे गेल्या, शिकल्या आणि १९२६मध्ये दोघांच्या प्रयत्नातून नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे १९४५ साली त्यांनी समुद्राकाठच्या बोर्डीला गरिबांच्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम मांडले. अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्याबरोबर होत्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा ताराबाईंनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ झाली. परदेशी धर्तीची महागडी साधने परवडणारी नव्हती, तर शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, आता पालघर. तिथून आमच्या वालापर्यंत यायला फार लांब पडत नाही. गंमत एवढीच, की त्या काळी शाळा उठून अंगणात गेली, आणि आता साडेतीन वर्षांच्या अंगणाला उठून मुलाखतीला जावे लागते. २०२०च्या राष्ट्रीय धोरणानेही तीन ते आठ वर्षांपर्यंतचे शिक्षण खेळातून, कृतीतून व्हावे असे म्हटले आहे. ते धोरण त्या शाळेच्या भिंतीवर लावलेले असेलही.

तरी पण घरातला सहवास म्हणजेच शिक्षण, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. खालापुरातले कातकरी दिवाळी झाली की बिऱ्हाड पाठीवर घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, ते पावसाच्या तोंडाला परततात. त्यांची मुले दिवसभर आईबापांच्या डोळ्यांसमोर असतात. काम पाहतात, मातीत खेळतात, चार-पाच वर्षांची होऊन धाकट्याला कडेवर घेतात. पण नोंदवहीत त्यांच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ लिहिताना, आणि मे महिन्याच्या अखेरीस त्यांना पुन्हा काट्यावर उभे करताना, मला कधी तिथे कसले बालशिक्षण दिसले नाही. आई शेजारी असून तिचा हात मोकळा नसेल, पोट भरलेले नसेल, तर मुलाने शिकायचे कशावर? पोरगे हाताशी असावे, हातातले काम त्याच्या गतीने करण्याइतकी सवड असावी, आणि ती सवड पोटाला चिमटा न घेता मिळावी. तिन्ही गोष्टी आमच्या घरात आहेत. फक्त त्या त्याच्या आजीकडे आहेत, आईकडे नाहीत.

हे मला कळले तेही वालामुळेच. सूनबाई रोज दुपारी जेवणाच्या सुटीत मोबाइलवर दिसते. (म्हणून त्या यंत्राला मी शत्रू मानत नाही.) भाद्रपदात एकदा नातवाने फडक्याची गाठ सोडून मोड तिला दाखवले. तिने कौतुक केले, टाळ्या वाजवल्या. रात्री भांडी आवरताना मला म्हणाली, “आई, रागावू नका. तुम्ही त्याला खूप देता. पण मला फोनवर मोड बघायचे नाहीत.”

मी रागावले नाही. हातातले भांडे मात्र बराच वेळ पुसत राहिले.

पुढचे थोडक्यात सांगते. बदलापूरला दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. सूनबाईची थोरली बहीण त्याच इमारतीत राहते; दुपारी शाळा सुटल्यावर नातू तिच्याकडे. शाळा दुसरी आहे, पण तशीच. जाण्यायेण्यातला तास-सव्वातास सूनबाईचा वाचेल, शिवाय आठवड्यातले दोन दिवस घरून काम करण्याची परवानगी तिने कचेरीतून मिळवली आहे. मुलगा मात्र अजूनही अंधारातच परतणार, तरी निदान मूल झोपण्याआधी. शनिवार-रविवार तिघे कर्जतला येतील, असे ठरले आहे. लोकांचे असे ठरलेले किती दिवस चालते ते मी पाहिलेले आहे. पण बोलून दाखवले नाही. भाऊबीज झाली की टेंपो येईल.

ह्यांनी लगेच नवा धडा घेतला. बदलापूरहून कर्जतला येताना वाटेत वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड, आणि मग कर्जत : हीसुद्धा पाचच. नातवाने एका हातावर खोपोली आणि दुसऱ्या हातावर बदलापूर धरले, आणि दोन्ही अंगठे एकमेकांना लावून विचारले, “इथे कोण?” हे म्हणाले, “इथे आजोबा.” आणि चष्मा शोधायला आत गेले.

सामानाची बांधाबांध चालू आहे. मी काय द्यावे याचा विचार करून एक छोटी सुपली काढली. तांदूळ पाखडायला तो माझ्याशेजारी बसे ती. सूनबाई म्हणाली, “आई, हल्ली तांदूळ निवडलेलाच येतो. आणि त्या दोन खोल्यांत पाखडणार कुठे?” खरेच होते. मी सुपली परत खुंटीला लावली. रात्री पाहिले तर ती खुंटीवर नव्हती. भांड्यांच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून सगळ्यात वर ठेवलेली होती, आणि तिच्याशेजारी एक शेर कडवे वाल.