पलीकडच्या तालमीचं देणं

कुस्तीच्या मैदानाचं हँडबिल ज्यांनी नीट वाचलंय त्यांना ठाऊक असतं, की त्यात पैलवानाचं नाव एकटं कधी छापत नाहीत. नावाआधी 'पै.', नावापुढे गाव आणि खाली बारीक अक्षरांत तालमीचं नि वस्तादांचं नाव. मधे 'विरुद्ध', आणि पलीकडे तसाच दुसरा मजकूर. गावोगावची सगळी ईर्ष्या त्या बारीक अक्षरांत असते. माझं देणं मी मोजायला बसतो तेव्हा मला दोन्ही बाजूंची बारीक अक्षरं दिसतात. अलीकडची आमच्या तालमीची, पलीकडची त्यांची.

आमची तालीम पवन मावळातली. पवना नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते. आमच्याकडे पत्र्याचं छप्पर, भिंतीत शेंदूर लावलेला मारुती आणि मधे लाल मातीचा हौद. एवढीच इस्टेट. गावानं दुधाचे वार लावून घेतले होते. सोमवारी पाटलांकडचं दूध, मंगळवारी माळ्यांकडचं, आणि ज्याच्या घरी दुभतं नाही तो भाकरी द्यायचा. वस्तादांनी कुणाकडून पैसा घेतला नाही. सकाळी शेत, संध्याकाळी तालीम, आणि पहाटे चारला पुन्हा तालीम, हा त्यांचा दिवस. पोरांकडून जोर-बैठका घेताना ते कधी मोठ्यानं बोलत नसत. नुसते समोर उभे राहायचे, आणि ते उभे असेपर्यंत कुणाची थांबायची छाती होत नसे.

मावळात तालीम चालवायची म्हणजे पावसाशी झुंज. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि आमच्याकडे त्याच्याहून फार कमी नाही. आषाढात हौदाची माती ओल धरायची, गोळे व्हायचे, वास सुटायचा. अशा मातीत लढलं की अंगावर चट्टे उठतात. वस्ताद मग भातगिरणीतून पोत्यानं तूस आणायचे, घमेल्यात ते धुमसत ठेवायचे आणि घमेली हौदाच्या काठाला चहूबाजूंनी मांडायचे. रात्रभर ते उठून उठून तूस हलवत. सकाळी माती चाळायची, तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबू, कापूर घालायचा, कडुलिंबाचा पाला टाकायचा आणि फावड्यानं उकरून पुन्हा सारखी करायची. तळहातावर घेऊन ती मुठीत दाबली आणि मूठ उघडल्यावर आपोआप फुटली, तर वस्ताद म्हणायचे, ''उतरा.'' नाही फुटली तर त्या दिवशी नुसते जोर. आज महागड्या मॅटवर सराव करणारी पोरं बघतो तेव्हा त्यांचं मला कौतुकच वाटतं. पण एका माणसानं दुसऱ्याच्या पोरांच्या कातडीसाठी रात्र जागून काढलेली मी पाहिली आहे, आणि ते ऋण कशानं फिटावं हे मला अजून उमगलेलं नाही.

आता पलीकडच्यांबद्दल. आमची तालीम वर आली ती त्यांच्यामुळे, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगतो. चैत्रात मावळात जत्रा सुरू झाल्या, वडगावला पोटोबा महाराजांची, तळेगावला डोळसनाथाची, की प्रत्येक फडात आमची नि त्यांची जोड ठरलेली असायची. नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत दोन्ही गावं आमनेसामने बसायची. हलगी कडाडली की म्हातारी माणसंसुद्धा उभी राहत. हरलो तर गावात आठवडाभर कुणी नीट बोलत नसे. त्यांनी पहाटे साडेतीनला उठायला सुरुवात केली असं कळलं, की आम्ही तीनला उठायचो. त्यांनी कोल्हापूरहून कुणी जुना पैलवान डाव शिकवायला आणला, तर आमचे वस्ताद त्याच आठवड्यात पुण्याला जाऊन यायचे. त्यांची तालीम नसती, तर आमची दोन वर्षांत भजन मंडळाची खोली झाली असती.

त्यांच्याकडचा एक पैलवान माझ्या जोडीचा. त्यानं मला भर फडात ढाकेवर चितपट केलं. पाठ मातीला टेकली, आभाळ दिसलं आणि पलीकडच्या बाजूनं फेटे उडाले. मी तोंड लपवून कडेला बसलो होतो, तेव्हा त्यांचे वस्ताद चालत माझ्याकडे आले. आमचे लोक चवताळून उठले. आमच्या वस्तादांनी हातानं सगळ्यांना बसवलं. त्या म्हाताऱ्यानं मला उभं केलं, स्वतःच्या म्हाताऱ्या हातानं माझी मान धरली आणि दाखवलं, की मान अडकायच्या आधी खांदा आत घालायचा आणि कंबर खाली सोडायची. ''तू उभा राहून तोडायला बघतोस, म्हणून जातोस,'' एवढंच म्हणाले आणि गेले. स्वतःच्या पठ्ठ्याला पुढच्या साली जड जाईल अशी गोष्ट त्यांनी विरोधी तालमीच्या पोराला शिकवली. पुढच्या जत्रेत आमची कुस्ती बरोबरीत सुटली.

त्यानंतर आमच्या वस्तादांनी जे केलं ते गावाला मुळीच रुचलं नाही. त्यांनी मला लोणावळा-पुणे लोकलमध्ये घातलं आणि पुण्यातल्या एका मोठ्या तालमीत नेऊन सोडलं. तिथल्या वस्तादांच्या पायावर मला वाकवलं आणि म्हणाले, ''आजपासून हा तुमचा.'' परतीच्या गाडीनं ते निघूनही गेले. पुढच्या मोसमात हँडबिलावर माझ्या नावाखाली पुण्याची तालीम आली आणि गाव भडकलं. दूध आम्ही पाजलं, नाव पुण्याचं झालं, असं पारावर उघड बोललं गेलं. वस्ताद शांतपणे म्हणाले, ''माझ्याकडचं संपलं होतं. संपल्यावर पोराला धरून ठेवायचं म्हणजे त्याचा घात करायचा.'' स्वतःचा सगळ्यात तयार पठ्ठ्या दुसऱ्याच्या हाती देताना वस्तादाला काय वाटत असेल, हे मला स्वतःची मुलगी सासरी पाठवली तेव्हा थोडंफार कळलं.

पुण्यात तेव्हा तालमी-तालमींत चुरस होती. चिंचेची तालीम, गोकुळ वस्ताद तालीम ही नावं घेताना पैलवान कानाच्या पाळीला हात लावत. हरिश्चंद्र बिराजदारांना सगळे मामा म्हणत. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचा हा माणूस 1969 चा महाराष्ट्र केसरी, 1970 च्या एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेतला सुवर्णपदक विजेता. 1977 साली बेळगावात त्यांनी दिल्लीच्या गुरू हनुमान आखाड्याच्या सतपालला हरवलं, ती कुस्ती आमच्या वस्तादांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली होती, की ती आम्ही स्वतः पाहिल्यासारखी वाटायची. पुढे गोकुळ वस्ताद तालमीत मामांनी पोरं घडवली. काका पवार त्यांच्याच हाताखालचे. मामा 2011 मध्ये गेले तेव्हा बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे पोरका झाला. त्याला काका पवारांनी पुढे नेलं, आणि 2018 ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं सुवर्ण मिळवलं. तालमीतलं देणं असं खाली उतरत जातं, वर फेडता येत नाही. आमच्या लोणावळ्यात 1924 साली कैवल्यधाम उभारणारे स्वामी कुवलयानंदसुद्धा बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेले. तिथे योग शिकायला येणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं?

माझी कुस्ती फार चालली नाही. गुडघा निखळला. डॉक्टरांनी महिनोन्महिने झोपवून ठेवलं आणि नेमका मृग लागला. वडील थकलेले, भाऊ धाकटा. वडगावच्या भात संशोधन केंद्रानं काढलेलं इंद्रायणी तेव्हा मावळात नवंनवं होतं. वडिलांनी हौसेनं त्याचं रोप टाकलं होतं आणि आता लावणीला माणूस नव्हतं. आमच्याकडे लावणी इरजिकीनं व्हायची, आज माझ्या खाचरात सगळे, उद्या तुझ्या. पण इरजीक फेडायची म्हणजे घरात धडधाकट माणूस हवा. आम्हाला बोलवायचीही लाज वाटत होती.

एका सकाळी ओट्यावर पडल्या पडल्या बघतो, तर डोक्यावर इरली घेतलेली माणसं बांधावरून रांगेनं येत होती. चालण्यावरून कळलं, पैलवान आहेत. पुढे तोच, ज्यानं मला ढाकेवर मारलं होतं. मागे त्यांची अख्खी तालीम. पवना दुथडी भरलेली असताना पुलाचा लांबचा वळसा घालून आले होते. कुणी काही बोललं नाही. रोपाच्या मुठी उपटल्या, चिखलणी केली, ओळी धरल्या. संध्याकाळपर्यंत आमची खाचरं हिरवी झाली. आई चहा घेऊन गेली तर तो म्हणाला, ''काकू, चहा नको, याला लवकर उभा करा. माझ्या जोडीला मावळात दुसरा कोण हाय?'' आईनं ते मला येऊन सांगितलं. मी पुन्हा हौदात उतरलो नाही. तो पुढे बरीच वर्षं लढला. त्याच्या जोडीला तसा कुणी आला नाही, असं तोच म्हणतो.

जोडीचं हे नातं मोठ्या मैदानावरही दिसतं. मुळशीतल्या मुठ्याच्या मामासाहेब मोहोळांनी 1953 ला कुस्तीगीर परिषद उभी केली. 1961 पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली. गादीवरचा विजेता आणि मातीवरचा विजेता शेवटी गदेसाठी भिडतात, हा या स्पर्धेचा डौल. जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीला अंतिम कुस्ती झाली तेव्हा हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, दोघंही काका पवारांचे पठ्ठे. रोज एकाच हौदात एकमेकांचे डाव सोडवलेले. म्हणूनच ती 3-2 अशी सुटली. जिंकल्यावर सदगीरनं शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. आमच्या वस्तादांना तेव्हा नीट दिसत नव्हतं. मी त्यांना टीव्हीवर काय चाललंय ते सांगितलं. ते म्हणाले, ''वस्तादानं पोरं नीट वाढवलीत.'' 2023 च्या जानेवारीत कोथरूडला पुन्हा तेच घडलं. आमच्या शेजारच्या खेड तालुक्यातला शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड, दोघंही काका पवारांच्याच कात्रजच्या कुस्ती संकुलातले. मिनिटाच्या आत राक्षेनं मैदान मारलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मात्र महाराष्ट्र केसरीच्या दोन वेगवेगळ्या स्पर्धा झाल्या, एक फुलगावला, एक धाराशिवला. संघटनेतल्या भांडणामुळे एका किताबाच्या दोन गदा. ही चुरस मातीतली नाही, खुर्चीतली आहे, आणि ती पोरांचं वाटोळं करते. मातीतल्या चुरशीत समोरच्याचं भलं चिंतावं लागतं. तो तगडा नसेल तर तुमचीही ताकद कळत नाही. खुर्चीतल्या चुरशीत समोरचा नसलेलाच बरा असतो.

वस्ताद आता नाहीत. पलीकडचेही नाहीत. एक्स्प्रेस वे झाला, तळेगावला एमआयडीसी आली, जमिनींना सोन्याचा भाव आला. मैदानात आता गाड्या इनाम लागतात, त्याचा मला आनंदच आहे. पैलवानानं आयुष्यभर हाल का काढावेत? पण दुधाचे वार बंद झाले. आजच्या पोराला बदाम, दूध, तूप, अंडी असा खुराक घरच्या भातशेतीवर परवडत नाही, आणि घरचे त्याला लवकरच कंपनीच्या गेटवर उभं करतात.

म्हणून माझं मावळातल्या लोकांना एकच सांगणं आहे. ज्यांच्या जमिनी गेल्या आणि घरं भरली त्यांनी, आणि ज्यांनी कधी काळी तालमीचं दूध प्यायलंय त्यांनी, एकेका पोराचा वर्षाचा खुराक उचलावा. स्वतःच्या गावच्या पोराचा तर उचलावाच, आणि शक्य असेल तर पलीकडच्या गावच्या पोराचाही.