दोन खांब चाल, एक खांब पळ

प्रिय वहिनीस,


परवा दादा फोनवर म्हणाला, "हिला आता पळायचं खूळ लागलंय, बोर्लीला आल्यावर तूच बघ काय ते." मागून तुझा आवाज आला, "खूळ काय त्यात?" बरोबर बोललीस. इतकी वर्षं खांद्याला पर्स अडकवून दादरच्या पुलावरून लोकलसाठी धावलीस, तेव्हा कोणी खूळ म्हटलं नाही. फरक एवढाच, की तिथे तुझ्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. इथे सगळे बघतील. तुला गुडघ्यांची काळजी वाटते असं तू म्हणतेस, पण "गावात नेमकं किती वाजता उजाडतं गं?" हे तू ज्या तऱ्हेने पुन्हा पुन्हा विचारलंस, त्यावरून अंधारात उरकून घ्यायचा तुझा बेत मला कळला.

तो बेत आधी सोड. अंधारात रस्त्याकडेच्या गवतात फुरसं दिसत नाही, वळणावरच्या टेम्पोवाल्याला तू दिसत नाहीस, आणि कुत्र्यांना अंधारात धावणारं कोणीही चोरच वाटतं. शिवाय लपूनछपून केलेल्या गोष्टीची गावात चर्चा होते. जे रोज उजेडात दिसतं त्याचा आठवडाभरात कंटाळा येतो. लोकांना तुझा कंटाळा येऊ दे, एवढंच आपल्याला हवंय.

म्हणून सुरुवात पिशवीने कर. हसू नकोस. हातात कापडी पिशवी घेतलेली बाई कुठे चाललीय हे कोणी विचारत नाही, ती बाजाराला चाललेली असते. पहिले दोन-तीन आठवडे रोज सकाळी अर्धा तास झपझप चालायचं, बाजारातून एसटी स्टँडकडे, तिथून दिवेआगरच्या रस्त्याला लागायचं नि परत. भरडखोलकडच्या कोळणी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन कशा चालतात ते बघ. मान ताठ, पावलं लहान, पण भराभर. पळतानाही पाऊल तसंच पडायला हवं. लांब ढांग टाकली की टाच जोरात आपटते आणि त्याचा दणका गुडघ्याला बसतो.

मग एके दिवशी पिशवी घरी ठेवायची. रस्त्याच्या कडेला विजेचे खांब आहेत, तेच आपलं घड्याळ. दोन खांब चालायचं, एक खांब पळायचं. पळायचं म्हणजे चालण्यापेक्षा जेमतेम वेगात. दमलीस तर तीन खांब चाल, कोणी गुण देत नाही. ही युक्ती माझ्या डोक्यातून निघालेली नाही. जॉश क्लार्क नावाच्या एका अमेरिकन तरुणाने 1996 साली पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या आईसाठी असाच बेत आखला होता. आठवड्यातून तीन दिवस, एकूण नऊ आठवडे. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं चालून अंग मोकळं करायचं, मग साठ सेकंद पळणं आणि नव्वद सेकंद चालणं, असं वीस मिनिटं. शेवटी सलग अर्धा तास, म्हणजे साधारण पाच किलोमीटर. आपल्या बोर्लीपासून दिवेआगर साधारण तेवढंच. हा बेत पुढे जगभर पसरला. तुला नऊच्या जागी अठरा आठवडे लागले तरी दिवेआगर कुठे पळून जात नाही.

मधले चार दिवस मात्र खरोखर सोडायचे. इथे तुझ्यासारखी उत्साही माणसं फसतात. छाती आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण टाचेमागची शीर आणि हाडं यांना महिने लागतात. म्हणजे दम लागेनासा होतो, बाईला वाटतं आता वाढवावं, आणि नेमकी तेव्हाच पोटरी धरते. सुट्टीच्या दिवशी नुसतं चाल, नाहीतर परसातल्या पोफळींना पाणी घाल. तुझ्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा निघण्याआधी तुमच्या तिकडच्या डॉक्टरांना विचारून ये. पळताना छातीत दडपण आलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं, पुढचा खांब गाठायचा नाही.

वेग किती ठेवायचा, हे सांगायला महागडं घड्याळ लागत नाही. गाव ते काम फुकट करतं. तू पळत असताना कोणीतरी हमखास विचारणार, "कुठं चाललीस गो धावत? घरी सगळं बरं ना?" (आपल्याकडे बाई धावतेय म्हणजे कोणीतरी दवाखान्यात आहे, असाच पहिला समज.) त्यावर "काही नाही वो काकी, जरा पाय मोकळे करतेय, तुमची सून आली का मुंबईहून?" एवढं अख्खं वाक्य तुला न थांबता म्हणता आलं, तर वेग बरोबर. नुसतं "हं" निघालं तर जास्त होतोय. डॉक्टरही बोलता येण्याची हीच खूण सांगतात. आणि उत्तर देत जा, वहिनी. मान खाली घालून पुढे गेलीस तर शिष्ट ठरशील. चार दिवस उत्तर दिलंस तर पाचव्या दिवशी तीच काकी दुसरीला सांगेल, "ती आपल्या अमक्याची बायको, ती रोजच धावते."

दिघीकडच्या रस्त्याला जाऊ नकोस, तिथे बंदराची अवजड वाहनं असतात. कुठल्याही रस्त्याने गेलीस तरी उजव्या कडेने जा, म्हणजे समोरून येणारी गाडी तुला दिसेल. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही. थांब, त्याच्या डोळ्यांत बघू नको, हळूहळू चालत बाजूला हो. चावलंच तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यायची.

समुद्रावर पळायची तुझी हौस मला माहीत आहे. दिवेआगरचा किनारा लांबलचक आहे, पण सुक्या वाळूत धावायला कडक जमिनीपेक्षा दीडपटीहून जास्त ताकद लागते, नवशिकीचं ते काम नव्हे. ओली, घट्ट वाळू हवी, आणि ती ओहोटीला मिळते. त्यासाठी कोळ्यांचा हिशेब शिकून घे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, म्हणजे पहाटे पाणी पार वर, तेव्हा जाऊ नये. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकरा-बाराला, म्हणून पहाटे पाणी लांब गेलेलं असतं. तिथून तृतीयेपर्यंतच्या सकाळी आपल्या. वाळू समुद्राकडे उतरती असते, तेव्हा जितकी जाशील तितकीच त्याच वाटेने परत ये, म्हणजे एकाच पायावर भार येत नाही. शनिवार-रविवार टाळ, पर्यटकांच्या गाड्या थेट पाण्यापर्यंत येतात. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने सुरूची कितीतरी झाडं आडवी केली, त्यामुळे सावलीच्या भरवशावर उशिरा निघू नकोस. इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग तापत राहतं. घरी आल्यावर कोकम सरबत घ्यायचं.

आणखी एक. "या वयात, बायकांना झेपतं का?" असं तिथे कोणीतरी तुला म्हणालं म्हणे. असं म्हणणारे थोरामोठ्यांतही होऊन गेले. 1928 च्या ऑलिंपिकमध्ये बायका आठशे मीटर धावल्या आणि धापा टाकताना दिसल्या, एवढ्यावरून ती शर्यत थेट 1960 पर्यंत बंद ठेवली. बायकांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन व्हायला 1984 उजाडलं. आपल्या नाशिककडच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये पदक आणलं. आणि बारामतीच्या लता करे वयाची साठी उलटल्यावर नवऱ्याच्या उपचारांच्या पैशांसाठी नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांची गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात, मला मात्र ती ऐकताना आधी राग येतो. नवऱ्याच्या तपासणीसाठी बाईला शर्यत जिंकावी लागावी? तुला कशासाठीच जिंकायचं नाही, हे केवढं सुख आहे.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नकोस. सैल पँट आणि लांब कुर्ता पुरे, ओढणी घरी ठेव. बूट मात्र दादरलाच घे, इथे तुझ्या मापाचे मिळायचे नाहीत. संध्याकाळी जाऊन घे, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा राहू दे. दादालाही एक जोड घे. तो नाही म्हणेल, पण पिशवी धरायला कोणीतरी लागेलच.

तुझी नणंद,
शैला