क्रे बापाकडूनच

उंदराला आपसूक प्रोस्टेटचा कर्करोग जवळजवळ होतच नाही, तो घडवावा लागतो. पेशींच्या वाढीला लगाम घालणारं 'पीटेन' जनुक फक्त प्रोस्टेटमध्ये तोडायचं. त्यासाठी 'क्रे' नावाचं एन्झाइम अशा जनुकीय कळीला जोडतात, की ते प्रोस्टेटमध्येच जागं व्हावं. असे उंदीर लॉस एंजलिसच्या संशोधकांनी २००३ साली जगापुढे आणले. सहाव्या आठवड्यापासूनच त्यांच्यात कर्करोगपूर्व बदल दिसू लागतात. अमेरिकेत पोस्टडॉक असताना अशा उंदरांची कॉलनी माझ्याकडे होती.

एकदा मला क्रे असलेले नर कमी पडले. क्रे असलेल्या दोन माद्या मोकळ्या होत्या, त्यांच्यापासून पिल्लं घेतली. जनुक आईकडून आलं काय नि बापाकडून आलं काय, सारखंच, असं मी धरून चालले. क्रे नराकडूनच घ्यावं, ही सूचना कॉलनीच्या कागदपत्रांत होती. मी ती वाचली नव्हती.

पाचव्या महिन्यात नरांचं विच्छेदन केलं, तर मानेतल्या लसीका ग्रंथी वाटाण्याएवढ्या झालेल्या. कर्करोग पसरला, असंच मला वाटलं, कारण मला तेच हवं होतं. शुक्रवारच्या बैठकीत मी तसं ठामपणे सांगितलंही. तोवर एकही काप सूक्ष्मदर्शकाखाली गेला नव्हता.

पुढच्या आठवड्यात उंदरांची देखभाल करणाऱ्या बाईंनी विचारलं, "या पिल्लांमधल्या माद्यांच्याही माना सुजल्यात, त्यांचं काय करायचं?" माझे हातपाय गार पडले. माद्यांना प्रोस्टेटचा कर्करोग कुठून होणार?

हे क्रे मादीच्या अंडाशयातही जागं होतं. पीटेनची प्रत अंड्यातच तुटली होती आणि पिल्लं तो दोष सर्वांगात घेऊन जन्मली होती. पीटेनची एकच धड प्रत उरलेल्या उंदरांच्या लसीका ग्रंथी अशाच सुजतात. पॅथॉलॉजिस्टना त्या गाठींत प्रोस्टेटची एकही पेशी सापडली नाही. पीसीआरमध्ये तुटलेली प्रत मला आधीच दिसली असती, पण त्यासाठीचे प्रायमर मी कधी घातलेच नव्हते.

पुढच्या शुक्रवारी मी माझं विधान मागे घेतलं. ते जड गेलं, पण त्याहून जड गेले ते ३९ उंदीर. त्यांचा जीव माझ्या न वाचलेल्या एका ओळीपायी गेला.

या उंदरांवर काम करत असाल, तर क्रे बापाकडूनच घ्या, तुटलेली प्रत दरवेळी तपासा आणि पिल्लांमधल्या माद्यांच्या मानाही चाचपून पाहा.