सांताक्रूझच्या किनाऱ्यावरील किल्ली

सांताक्रूझ हें नांव ऐकतांच मुंबईकर वाचकांना आपलें उपनगर आठवेल. परंतु याच नांवाचें दुसरें एक गांव अमेरिकेंत, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आहे. आपल्याकडील नांव पोर्तुगीज भाषेंतलें, तेथील स्पॅनिश. अर्थ मात्र एकच, पवित्र क्रूस. सॅन होजेच्या परिसरांत नोकरीनिमित्त स्थायिक झालेलीं महाराष्ट्रीय कुटुंबें सुटीच्या दिवशीं डोंगर ओलांडून येथें येतात आणि देशाहून आलेल्या वडीलधाऱ्यांनाही बरोबर आणतात. मुलाकडे गेलों असतां माझेंही तेथें दोनतीनदां जाणें झालें.

गांवाच्या पश्चिमेस कड्याच्या कडेनें एक रम्य रस्ता जातो. त्यावरील लहानशा दीपगृहांत १९८६ पासून सर्फिंगचें, म्हणजे फळीवर उभें राहून लाटेबरोबर धांवण्याच्या खेळाचें, संग्रहालय आहे. हा खेळ मूळचा हवाई बेटांतला. १८८५ सालीं कॅलिफोर्नियांत शिकावयास आलेल्या तेथील तीन राजपुत्रांनीं रेडवुड वृक्षाच्या फळ्या करविल्या व येथील सॅन लोरेंझो नदीच्या मुखाशीं ते लाटांवर खेळले. येथील पाणी बारमास थंड असतें, म्हणून खेळणारे वेटसूट नांवाचा रबरी पोशाख चढवितात. त्याचा प्रसार करणारे जॅक ओनील १९५९ मध्यें याच गांवीं येऊन राहिले. हा पोशाख अंगाला इतका घट्ट बसतो कीं त्यांत पाकीट वा मोबाइल ठेवण्यास जागा नसते. फार तर एका किल्लीपुरता कप्पा असतो. आपल्या विषयाचा आरंभ येथेंच होतो.

कड्यावरील बांकावर बसलें म्हणजे एक दृश्य वारंवार दिसतें. एखादा तरुण मोटारींतून उतरतो, पाकीट व मोबाइल डिकींत ठेवतो, दार बंद करतो, डावीउजवीकडे पाहतो आणि किल्ली हळूच चाकाच्या माथ्यावर ठेवतो. मग फळी काखेस मारून पाण्यांत उतरतो. पुढील दोन तास त्याची दृष्टि क्षितिजाकडे आणि पाठ मोटारीकडे. आतां जें मला बांकावरून दिसलें, तें चोरास कां दिसूं नये? त्याला कांच फोडण्याचेंही कारण उरत नाहीं. किल्ली घ्यावी, पाकिटांतील कार्ड काढावें, दार पूर्ववत् लावून चालूं लागावें. मालकाला पत्ता लागेपर्यंत कार्डावर खरेदी झालेली असते. कित्येकदां मोटारच जाते. त्याहून वाईट म्हणजे, तेथें मोटारीच्या नोंदणीचा कागद गाडींत ठेवावा लागतो व त्यावर मालकाचा पत्ता असतो. त्याच जुडग्यांत घराची किल्ली असेल, तर चोराला पत्ता, किल्ली आणि मालक घरीं नसल्याची खात्री, तिन्ही एकदम लाभतात.

शूद्रकाच्या मृच्छकटिकांतील शर्विलक येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. भिंत कोठें व कशी फोडावी याचें शास्त्र तो जाणतो. माप घेण्यास सूत्र नाहीं म्हणून जानवें वापरतो. पण एवढें पांडित्य करून आंत आल्यावर चारुदत्ताचें दारिद्र्य पाहून तो परत फिरण्याच्या बेतांत असतो. इतक्यांत मैत्रेय झोपेंत बरळतो आणि अलंकारांची पेटी आपण होऊन त्याच्या हातीं देतो. किनाऱ्यावर मैत्रेयांची संख्या फार! चोरापाशीं विद्या थोडी असली तरी चालतें. ठेव कोठें आहे हें मालकच त्याला दाखवितो.

म्हणून पहिला नियम असा, कीं जें लपवावयाचें तें किनाऱ्यावर पोंचण्यापूर्वींच डिकींत जावें. तेथें उतरल्यावर डिकी उघडून पिशव्या आंत ढकलणें म्हणजे दवंडी पिटणेंच होय. दुसरा, मोटारीची किल्ली अंगावर असावी आणि घराची त्या जुडग्यांत नसावी. नव्या मोटारींची इलेक्ट्रॉनिक किल्ली खाऱ्या पाण्यानें बिघडते. शिवाय ती मोटारीजवळ लपविली, तर कित्येक गाड्यांचें दार नुसत्या स्पर्शानें उघडतें. अशा बहुतेक किल्ल्यांच्या पोटांत साधें धातूचें पातें असतें. तें कप्प्यांत घ्यावें, आणि मूळ किल्ली संदेश अडविणाऱ्या धातूच्या अस्तराच्या पिशवींत घालून गाडींत नजरेआड ठेवावी. पिशवी काम देते कीं नाहीं, हें आधीं घरीं दार उघडून पाहावें. अंकांच्या कुलुपाची पेटी गाडीला अडकविण्याचीही रीति आहे. परंतु अंक फिरवितांना हात आडवा धरावा, आणि किल्ली येथेंच आहे हें ती पेटी बोलून दाखविते, हेंही विसरूं नये.

फळीची किंमत शेंकडों डॉलर असते. टपावर बांधलेला कापडी पट्टा सुरीनें क्षणांत कापतो, म्हणून आंतून तार असलेला कुलुपी पट्टा बरा. पुष्कळ कारागीर फळीच्या मध्यावरील लांकडी पट्टीशेजारीं मापें व क्रमांक पेन्सिलीनें लिहितात. त्याचें छायाचित्र घरीं असावें, म्हणजे पोलिसांना ओळख पटविणें सुलभ होतें. कायद्यावर सर्व भार टाकूं नये. कॅलिफोर्नियांत मोटारफोडीचा गुन्हा शाबीत करण्यास दार कुलुपबंद होतें असें दाखवावें लागे. ती अडचण २०२४ सालच्या कायद्यानें दूर केली. पण शिक्षा चोरीनंतरची, सावधगिरी आधींची.

हें केवळ खेळणाऱ्या तरुणांपुरतें नाहीं. देशाहून गेलेली मंडळी पासपोर्ट, औषधें व दागिने एकाच पिशवींत घालून ती मोटारींत ठेवतात आणि समुद्र पाहावयास निघतात. पासपोर्ट गेला तर परतीचा प्रवास अडतो. औषध गेलें तर त्याच रात्रीं जीव कासावीस होतो. पासपोर्ट त्या दिवशीं घरींच कुलुपांत राहूं द्यावा, औषध अंगावरच्या पिशवींत असावें. आणि आपल्या नदीघाटावर सर्वांचें स्नान होईपर्यंत एकजण कपड्यांपाशीं बसतो, तशीच पाळी तेथेंही लावावी. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांना हें काम उत्तम साधतें. बांक मोटारीसमोरचा निवडावा, म्हणजे समुद्रही दिसतो आणि गाडीही.