चौथरा

बाजारपेठेतून वाहने काढून टाकली की तिथे काय उरते? माणसे उरतात, असे कुणीही सांगेल. पण नगरपालिकांना तेवढे पुरत नाही. गाड्या गेल्या की त्यांना रस्ता एकदम ओकाबोका दिसू लागतो आणि त्याच्या मधोमध काहीतरी उभे करावे, अशी अनावर इच्छा होते. नवे घर बांधल्यावर दिवाणखान्यातला रिकामा कोनाडा गृहिणीला स्वस्थ बसू देत नाही, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की कोनाड्यातला काचेचा मोर डोळ्यांना खुपू लागला तर तो एखाद्या लग्नात आहेर म्हणून खपवता येतो. रस्त्यातला ब्राँझचा माणूस कुणाच्या लग्नात देणार?

पेठा पायी चालणाऱ्यांना मोकळ्या करून देण्याची ही हवा तशी जुनी. कोपनहेगन शहराने आपला स्ट्रॉयेट हा बाजाररस्ता १९६२ साली गाड्यांना बंद केला. आपल्याकडे पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याने ११ डिसेंबर २०२१ रोजी 'पादचारी दिन' साजरा केला. ही हवा हिंडत हिंडत अखेर आमच्या तालुक्याच्या गावीही पोचली. चावडीपासून राममंदिरापर्यंतच्या पेठेत सायंकाळी चारनंतर वाहने बंद झाली. फरशी बसली, नक्षीचे दिवे लागले, आणि पाठोपाठ 'कलाकृती निवड समिती' नेमली गेली. समितीत सात जण. सातवा मी. माझ्या नावावर चार कादंबऱ्या असल्यामुळे मला कलेतले थोडेफार कळत असावे, आणि शाळामास्तर असल्यामुळे मी फारसा विरोध करणार नाही, असा दुहेरी हिशेब त्यामागे असावा.

समिती म्हटली की मास्तराला अभ्यास आलाच. मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला पत्र टाकले. तो ऑस्ट्रेलियात ॲडलेड शहरी असतो. तिथला रंडल मॉल नावाचा बाजाररस्ता १९७६ पासून फक्त पायी चालणाऱ्यांचा आहे. उत्तरादाखल त्याने एक छायाचित्र धाडले. त्याची पाच वर्षांची मुलगी भर बाजारात एका डुकरावर बसलेली! डुक्कर ब्राँझचे होते, हे चष्मा लावल्यावर कळले.

तिथे अशी चार डुकरे आहेत. मार्गरीट डेरिकोर्ट या शिल्पकर्तीने ती १९९९ मध्ये केली. एक कचऱ्याच्या पेटीत तोंड घालून काही मिळते का ते पाहते, एक निवांत बसले आहे, बाकीची दोन आपली बाजार बघत निघाल्यासारखी. शिल्पाचे नावही 'दिवसभराची सहल' अशाच अर्थाचे. ट्रफल्स, होरॅशिओ, ऑलिव्हर आणि ऑगस्टा ही त्यांची नावे गावकऱ्यांकडून स्पर्धेने मागवून ठेवलेली. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांना चौथरा नाही. ती माणसांच्याच फरशीवर, माणसांच्याच पायांत उभी आहेत. त्याच रस्त्यावर बर्ट फ्लुगलमन यांनी १९७७ मध्ये केलेले दुसरे शिल्प आहे. चकचकीत पोलादाचे दोन गोळे, एकावर एक, उंची चार मीटर. शिल्पकाराने त्याला साधे 'गोल' असे नाव दिले होते. लोकांनी यमक जुळवून थोडे वात्रट नाव ठेवले, आणि तेच कायम झाले. 'गोळ्यांपाशी भेटू' म्हटले की ॲडलेडच्या माणसाला पुढचे सांगावे लागत नाही, असे माझा विद्यार्थी लिहितो.

हे वाचताना मला आपला मुंबईचा काळा घोडा आठवला. १८७९ साली तिथे बसवला तो घोडा नव्हेच. बसवला होता घोड्यावरचा राजपुत्र, पुढे सातवा एडवर्ड झालेला. सर अल्बर्ट ससून यांनी तो शहराला भेट दिला. पण मुंबईकर तळमजल्यावरचा माणूस. त्याच्या डोळ्यांसमोर आला तो घोडा, आणि त्याने चौकाला नाव दिले तेही घोड्याचे. १९६५ मध्ये राजपुत्र घोड्यासकट तिथून हलला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाऊन राहिला. नाव मात्र जागचे हलले नाही. २०१७ मध्ये त्या भागात नवा घोडा बसवला, तो स्वाराविनाच. लोकांनी केलेली निवड मान्य व्हायला एवढी वर्षे लागली!

याची दुसरी बाजूही आहे. अमृतसरला टाउन हॉलपासून हरमंदिर साहिबाकडे जाणारा रस्ता २०१६ मध्ये नव्याने सजवून पायी चालणाऱ्यांना दिला गेला. तिथे भांगडा आणि गिद्धा नाचणाऱ्यांचे पुतळे बसवले होते. पंजाब म्हटला की भांगडा, असे योजणाऱ्यांना वाटले असेल. पण तो रस्ता अनेकांना बाजाराचा नव्हे, देवाच्या दाराचा वाटत होता. विरोध वाढत गेला, जानेवारी २०२० मध्ये पुतळ्यांची मोडतोड झाली आणि त्याच महिन्यात ते तिथून काढले गेले. मोडतोड वाईटच. पण एकाच रस्त्याला दोन माणसे दोन निरनिराळ्या कामांसाठी येतात, हे पुतळा घडवण्याआधी कुणी तरी विचारून घ्यायला हवे होते, असेही मनात येते.

एवढी शिदोरी घेऊन मी समितीत गेलो. पहिली सूचना आली ती गावाच्या नावाची भलीमोठी अक्षरे आणि मधे लाल बदाम उभा करण्याची. लोक पुढे उभे राहून फोटो काढतील म्हणून. दुसरी फायबरच्या हरणांची. तिसरी आणखी एका अश्वारूढ पुतळ्याची. पण गावात आधीच दोन आहेत, तेव्हा ती मागे पडली. मग एका सभासदाने गंभीरपणे सांगितले, "आपल्या संस्कृतीचं दर्शन घडलं पाहिजे. बांगड्या भरणाऱ्या कासारणीचा पुतळा करू या." सर्वांच्या माना डोलल्या. माझीही डोलली. कल्पना वाईट नव्हतीच. डब्लिन शहरात ग्रॅफ्टन स्ट्रीट या बाजाररस्त्याच्या तोंडाशी १९८८ मध्ये अशीच एक बाई उभी राहिली. मॉली मलोन, गाण्यातली मासळीवाली, हातगाडीसकट. २०१४ मध्ये ट्रामच्या कामासाठी तिला उचलून शेजारच्या रस्त्यावर नेले. फेरीवालीचे नशीब पाहा. ब्राँझची झाली तरी 'पुढे सरका' चुकले नाही!

जागा ठरली पेठेच्या मध्यावरची, लिंबाखालची. ठरावाचा मसुदा भाषा तपासण्यासाठी माझ्याकडे आला. त्यात वाक्य होते : 'सदर जागेवरील अडथळे दूर करून चौथरा बांधण्यात यावा.'

लिंबाखाली अडथळे कसले, हे आठवताना मी थबकलो. तिथे दुसरे काहीच नाही. तिथे कासारीण आक्का बसते.

पस्तीस वर्षे ती तिथे बसते आहे. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांचे हात तिने दाबून, वळवून, न दुखवता भरले आहेत. दिवाळीच्या आधीच्या आठ दिवसांत तिच्या पेटीभोवती पोरीबाळींची अशी दाटी होते, की लिंबाचे खोड दिसत नाही. मी आयुष्यभर मुलांना शब्दांचे अर्थ सांगितले. 'अडथळा' या शब्दाचा हा अर्थ मला ठाऊक नव्हता. कासारणीचा पुतळा उभारण्यासाठी कासारणीला उठवायचे, आणि तेही तिचे नाव न घेता, अनेकवचनी सामान्यनामात गुंडाळून!

शहाणपण शिकवायला कायदा काही वेळा आपल्या पुढे असतो. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली जो केंद्रीय कायदा झाला, त्यात गावोगावच्या विक्री समितीत निदान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत, आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे लिहिले आहे. आमच्या सात जणांत एकही जण रस्त्यावर बसणारा नव्हता. तेव्हा त्या संध्याकाळी मीच लिंबाखाली जाऊन बसलो.

"आक्का, इथं एक पुतळा बसवायचं चाललंय."

"कुनाचा वो, गुर्जी?"

"बांगड्या भरणाऱ्या बाईचा."

आक्का तोंडाला पदर लावून हसली. "मी हाय की हितं जित्ती. तिला कोन बघंल?"

"मग काय बसवावं, तूच सांग."

ती सावली मागेल, पाण्याचा नळ मागेल, अशी माझी अटकळ होती. तिने बांगड्यांची चळत सारखी केली आणि म्हणाली, "बैल बशिवा."

"बैल?"

"बसल्याला. रवंथ करनारा. पोरांस्नी वर चढता आलं पायजे. आदी बाजारच्या दिशी ह्या पेठंत बैलच बैल असायचे. आता माझ्या नातवाला बेंदराला मातीचाच दावावा लागतो. पर माझ्या जाग्यावर नगं हां. तकडं हौदापाशी बशिवा. बैलाला पानी जवळ लागतं."

बाईने विषय दिला, बैठक सांगितली, उंची ठरवली आणि जागाही निवडली. आम्हां सात जणांना तीन बैठकांत एवढे जमले नव्हते.

पुढच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडल्या. 'अडथळे' हा शब्द गेल्याशिवाय मसुद्यावर माझी सही होणार नाही, ही एक. आणि हौदापाशी बैल, ही दुसरी. बैल चौथऱ्याशिवाय, हे ऐकून ओव्हरसियर साहेब चपापले. "चौथरा नसेल तर लोक त्यावर बसतील, गुरुजी."

"बसू देत की. बैल बसलेलाच आहे."

बरीच खडाजंगी झाली. मास्तर फार बोलणार नाही, हा हिशेब चुकल्याचे एकदोघांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. शेवटी मते घेतली. लिंबाखालचा चौथरा चारास तीन मतांनी रद्द झाला, आणि आक्काची जागा आहे तशी राहील, असे ठरावात तिच्या नावानिशी लिहिले गेले. बैलाचा प्रश्न मात्र अंदाजपत्रकासाठी राखून ठेवला आहे. सरकारी दप्तरात 'राखून ठेवणे' म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नकोच.

बैल येईल तेव्हा येईल. यंदाची दिवाळी तरी पेठेने त्याच्याविना साजरी करायची आहे; लिंबाखालची दाटी आतापासूनच सुरू झाली आहे. समितीला माझी आता एकच विनंती उरली आहे. बैल आलाच, तर त्याचे नाव आपण ठरवू नये, की त्याच्या अंगावर कुणाच्या शुभहस्ते तो बसवला याची पाटी ठोकू नये. पहिला पोरगा त्याच्या पाठीवर चढेल आणि खाली उभ्या असलेल्या दुसऱ्याला हाक मारील, तेव्हा नाव आपोआप पडेल.