उजव्या कडेची तेहतीस वर्षे

फुटबॉलच्या मैदानाच्या लांबीला धरून ज्या दोन रेषा आखलेल्या असतात त्यांना टचलाइन म्हणतात, आणि त्यांपैकी एका रेषेलगत खेळणाऱ्या आक्रमक खेळाडूला विंगर. प्रतिस्पर्धी संघाच्या त्या कडेच्या बचावपटूला, म्हणजे फुल-बॅकला, चकवून चेंडू पार शेवटच्या रेषेपर्यंत न्यावा आणि तेथून तो गोलासमोर धावून आलेल्या सहकाऱ्यांकडे आडवा पाठवावा, हे त्याचे परंपरागत काम होय. या आडव्या पासाला क्रॉस म्हणतात. मैदानाच्या मध्यभागी खेळणाऱ्याला चहूबाजूंचे भान ठेवावे लागते, तर विंगरला एका बाजूने कोणीही अंगावर येणार नाही याची खात्री असते. मात्र निसटण्याच्या वाटाही त्यामुळे निम्म्याच उरतात, आणि सारा सामना अखेर त्याच एका फुल-बॅकशी, पुनःपुन्हा, नव्वद मिनिटे खेळावा लागतो.

विंगरचे भांडवल म्हणजे वेग आणि वेग ओसरला की कारकीर्द संपली, असा सर्वसाधारण समज आहे. स्टॅन्ली मॅथ्यूज यांची कारकीर्द या समजाशी मुळीच जुळत नाही. 1915 साली स्टोक-ऑन-ट्रेंटमधील हॅन्ले येथे जन्मलेले, केशकर्तनालय चालवणाऱ्या मुष्टियोद्ध्याचे हे पुत्र 1932 साली स्टोक सिटीकडून पहिला सामना खेळले आणि इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतील शेवटचा सामना त्यांनी फेब्रुवारी 1965 मध्ये, पन्नाशी ओलांडल्यानंतर पाच दिवसांनी खेळला. त्यांचा वेग लांब पल्ल्याचा नव्हताच. चेंडू उजव्या पायाशी ठेवून ते फुल-बॅकच्या दिशेने जवळजवळ चालत येत, शरीराचा तोल डावीकडे झुकवून आत शिरण्याची हूल देत, आणि समोरच्याचा भार त्या बाजूच्या पायावर गेला की त्याच क्षणी उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू टचलाइनलगत ढकलून पहिल्या आठ-दहा पावलांत निसटत. कबड्डीत चढाई करणारा जसा बचावपटूच्या पायांकडे डोळे लावून असतो, तशीच ही नजर होती. भार टाकलेला पाय उचलायला फुल-बॅकला लागणारा अर्धा क्षण हाच या कसबाचा सगळा नफा. ही युक्ती इंग्लंडमधील प्रत्येक बचावपटूला तोंडपाठ होती, तरी तिचा उपयोग होत नसे, कारण हूल कोणती हे ठाऊक असले तरी ती कधी संपणार हे ठाऊक नसते.

शरीराचा प्रश्न मात्र उरतोच, आणि तो मॅथ्यूज यांनी जवळजवळ व्रतस्थपणे सोडवला. मद्य आणि धूम्रपान वर्ज्य, पहाटे ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर धावणे, बेताचा आहार आणि सोमवारी उपवास, असा त्यांचा क्रम होता. मराठी वाचकाला त्या वाराचे नवल वाटू नये, पण येथे शनिवारच्या सामन्यानंतर पोटाला विश्रांती देण्यापलीकडे काही हेतू नव्हता. त्या काळचे घोट्यापर्यंत येणारे जड बूट टाळून त्यांनी हलके बूटही करवून घेतले. तोल ओळखण्याची कला वयाबरोबर वाढते, परंतु ती वापरायला गुडघे आणि घोटे शिल्लक असावे लागतात, हे त्यांना फार लवकर उमगलेले दिसते. दुसऱ्या महायुद्धामुळे चोविसाव्या ते एकतिसाव्या वर्षापर्यंतचा, खेळाडूच्या भराचा मानला जाणारा काळ नियमित लीग सामन्यांविना गेला, हेही विसरता येत नाही.

या कसबाचा मोबदला किती मिळे, हा विषय उदास आहे. इंग्लंडमध्ये खेळाडूच्या आठवड्याच्या वेतनावर कमाल मर्यादा होती आणि 1961 मध्ये ती उठली तेव्हाही ती अवघी 20 पौंडांची होती. शिवाय करार संपला तरी क्लबच्या संमतीविना खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. 1938 मध्ये मॅथ्यूज यांनी स्टोक सोडण्याची इच्छा दर्शवली तेव्हा त्यांना अडवण्यासाठी शहरात हजारो लोकांची सभा भरली. 1947 साली ब्लॅकपूल क्लबने त्यांच्यासाठी मोजलेली 11,500 पौंडांची रक्कम अर्थातच क्लबच्या तिजोरीत गेली.

ब्लॅकपूलकडून खेळताना 1948 आणि 1951 साली एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेचे अंतिम सामने हरल्यानंतर 2 मे 1953 रोजी, अडतिसाव्या वर्षी, त्यांना तो करंडक लाभला. बोल्टनविरुद्ध 1–3 अशा पिछाडीवरून संघाने 4–3 असा विजय मिळवला, आणि तीन गोल स्टॅन मॉर्टेन्सन यांनी केले असूनही हा सामना मॅथ्यूज यांच्याच नावाने ओळखला जातो, जे काहीसे अन्यायकारक आहे. त्यांच्यासमोरचे फुल-बॅक राल्फ बँक्स पायात गोळे येऊन लंगडत होते, त्यांना आधार देणारे एरिक बेल आधीच जायबंदी होते, आणि बदली खेळाडूची मुभा तेव्हा नव्हती. विंगरचे यश दुसऱ्याच्या पायांवर किती अवलंबून असते याचे याहून उघड उदाहरण सापडणे कठीण. तरीही दमलेल्या बाजूवर चेंडू पुनःपुन्हा मागून घेण्याची निष्ठुर स्पष्टता हादेखील या धंद्याचाच भाग आहे, आणि तो क्वचितच कौतुकाचा विषय होतो.

ब्राझीलच्या गारिंचा यांची गोष्ट याच्या उलट टोकाला जाते. वाकड्या पायांचा हा उजवा विंगर 1958 आणि 1962 चे विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता आणि हूल देण्यात कदाचित मॅथ्यूज यांच्याही वरचढ होता. पण दुखरे गुडघे आणि मद्य यांनी तिशीतच त्यांची धार बोथट केली आणि 1983 साली, पन्नाशीच्या आत, त्यांचा अंत झाला.

मॅथ्यूज 1961 मध्ये, दुसऱ्या श्रेणीत घसरलेल्या स्टोककडे परतले तेव्हा घरच्या मैदानावरील प्रेक्षकसंख्या एका सामन्यात आठ हजारांवरून जवळजवळ छत्तीस हजारांवर गेली. 1963 साली संघ पुन्हा पहिल्या श्रेणीत आला. ते निवृत्त झाल्यावर दीड वर्षाच्या आत त्यांची जागाच मैदानावरून पुसली गेली. इंग्लंडचे प्रशिक्षक आल्फ रॅम्सी यांनी 1966 च्या विश्वचषकातील पहिल्या तीन सामन्यांत तीन वेगवेगळे विंगर वापरून पाहिले, उपांत्यपूर्व फेरीपासून एकही खेळवला नाही, आणि स्पर्धा जिंकली. हेच रॅम्सी नोव्हेंबर 1953 मध्ये वेम्बलीवर हंगेरीकडून 6–3 असा मार खाणाऱ्या इंग्लंड संघात उजवे फुल-बॅक होते, आणि त्यांच्यापुढे, त्याच कडेला, मॅथ्यूज खेळत होते. पुढची कड किती वेळ चेंडूविना उभी राहते आणि मागच्याला किती एकटे पाडते, हे रॅम्सी यांनी अगदी जवळून पाहिले होते. पुढे विंगर परतला तो बदलून: आर्येन रॉबेन हा डावखुरा खेळाडू मुद्दाम उजव्या कडेला खेळे आणि क्रॉस देण्याऐवजी आत वळून डाव्या पायाने गोलावर फटका मारी, तर टचलाइनलगत धावण्याचे जुने काम त्याच्या मागचा फुल-बॅक करी. रॉबेनचे ते वळणही साऱ्या युरोपला पाठ होते, आणि बचावपटू तरीही चुकीच्या पायावर सापडत.